धामणीची काठी आणि लिस्बनचा आजा

मी एक जुनी काठी आहे. नुसती काठी म्हणणार असाल तर पुढचं ऐकायला थांबू नका, आपल्या वाटेनं चालू लागा. गुरं हाकतात ती काठी, म्हातारे टेकतात ती काठी. मी गोल्फची काठी आहे, मित्रांनो. ठाण्याला खाडीकाठच्या माळावर साहेबलोक हा खेळ खेळतात. लिंबाएवढा पांढरा चेंडू काठीनं टोलवायचा, त्याच्या मागोमाग चालत जायचं, पुन्हा टोलवायचा, आणि शेवटी जमिनीतल्या एका खड्ड्यात घालायचा. विटीदांडूत तुम्ही जिला गल म्हणता, तसलाच खड्डा. ज्याचे टोले कमी लागले त्यानं तो खड्डा जिंकला, आणि ज्यानं जास्त खड्डे जिंकले त्याची सरशी. एवढ्याशा कामासाठी मोठमोठी माणसं टोप्या घालून उन्हात हिंडतात. माझा जन्म त्यातच गेला, तेव्हा त्यांना हसायचा हक्क माझा आहे.

माझा जन्म कल्याणचा. तिथं रेल्वेच्या कारखान्यात विश्राम नावाचा सुतार होता आणि पूल बांधणारा एक बार्कली साहेब होता. सगळे त्याला बारक्या साहेब म्हणत, आणि तो तर दारातून आडवा होऊन आत शिरायचा. नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, त्यातला प्रकार. या बारक्या साहेबाच्या विलायती काठ्या आमच्याकडच्या पावसाळी हवेनं फुगल्या आणि एकामागून एक चिरल्या. नाजूक घराण्यातल्या होत्या बिचाऱ्या. साहेबानं ते तुकडे विश्रामपुढं टाकले आणि तसलीच एक करून मागितली.

विश्रामनं तुकडे हातात घेऊन विचारलं, "यानं काय मारतात?"

"चेंडू," साहेबाचा पट्टेवाला म्हणाला.

"मग तो हातानं उचलून नेऊन का ठेवत नाहीत?"

पट्टेवाल्यानं हे काही साहेबाला सांगितलं नाही. विश्रामनं धामणीच्या लाकडाची दांडी काढली. कावडीला वापरतात ती धामण, वाकते पण मोडत नाही. डोकं बाभळीच्या गाठीचं केलं, त्याच्या पाठीत शिसं ओतलं, मुठीला चामडं गुंडाळलं. काम झाल्यावर मला भिंतीला टेकवून तो जेवायला गेला आणि परत कधी माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. असा माझा जन्मदाता. मीही त्याची आठवण काढत बसत नाही.

बारक्या साहेबाला खेळायला जोडीदार नव्हता. कल्याण आणि ठाण्यात तेव्हा साहेब मोजकेच, त्यातले निम्मे तापानं निजलेले. म्हणून त्यानं आपल्या हापिसातल्या एका कारकुनाला हाताशी धरलं. हा कारकून म्हणजे ऑस्वल्ड. माझं सगळं आयुष्य याच माणसाच्या हातात गेलं, म्हणून त्याच्याबद्दल नीट सांगते. ठाण्याच्या खाडीकाठचं ख्रिस्ती शेतकऱ्याचं घर. बाप थॉमस भात पिकवायचा आणि भात निघालं की मिठागरावर जायचा. आई बर्नाडेट लाल चौकड्यांचं लुगडं नेसायची आणि गुडघाभर चिखलात उतरून चिंबोऱ्या पकडायची. ऑस्वल्डला घरात आणि गावात ओसू म्हणत. पाद्र्यांच्या शाळेत तो इंग्रजी शिकला, पाटलोण चढवली, आणि त्या दिवसापासून ओसू म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी पडू लागली.

पण हात मात्र त्याला देवानं दिला होता. त्यानं मला पहिल्यांदा फिरवलं तेव्हाच मला कळलं. बारक्या साहेब मला वासरू बदडावं तसा फिरवायचा. ऑस्वल्डनं फिरवलं आणि माझ्या दांडीतून वरपासून खालपर्यंत झिणझिणी गेली. चेंडू असा गेला की रुळांवर काम करणारी माणसं कुदळी टाकून बघत राहिली. बारक्या साहेब दिलाचा मोठा होता. विलायतेला जाताना तो मला ऑस्वल्डलाच देऊन गेला.

जाण्याआधी त्यानं आणखी एक गोष्ट केली, आणि सगळं रामायण तिथून सुरू झालं. साहेबलोकांनी ठाण्यात आपलं एक मंडळ काढलं होतं आणि दर थंडीत एक चांदीचा कप ठेवला होता. त्या कपासाठी उतरायचं तर रक्त गोरं हवं, निदान आजा तरी गोरा हवा, असा नियम. बारक्या साहेबानं ऑस्वल्डला विचारलं, "तुझा आजा कोण होता रे?"

ऑस्वल्ड म्हणाला, "लिस्बनचा होता."

लिस्बन. फिरंग्यांचं सातासमुद्रापलीकडचं शहर. त्याचा आजा जन्मात खाडी ओलांडून पलीकडे गेला नव्हता. एकदा बैल हरवला तेव्हा काय तो ठाकुर्लीपर्यंत गेला असेल, तोही रडत. बारक्या साहेब मोठ्यानं हसला, पण त्यानं ते मंडळात सांगितलं आणि साहेबांनी मान्य केलं. कातडी जरा उन्हानं रापली आहे म्हणाले.

त्या थंडीत ऑस्वल्डनं कप जिंकला. त्या वर्षी माझं कौतुक विचारू नका. मडमा मला हातात घेऊन बघत होत्या. एक साहेब मला उलटसुलट करून म्हणाला की ही नक्की स्कॉटलंडची असणार. मी मनात म्हटलं, हो ना, तुमच्या स्कॉटलंडात धामणी उगवतात वाटतं. अहो, पण मी तरी गप्प बसले म्हणून चाललं. माझा मालक तर खुशाल म्हणाला, "होय, स्कॉटलंडचीच." आजा लिस्बनचा आणि काठी स्कॉटलंडची. एक खोटं लपवायला दुसरं लागतं, हे मला तिथं कळलं.

मग मंडळाच्या मुख्य मडमेनं सांगितलं, की पुढच्या वर्षीपासून कप देताना चहा ठेवू, सगळ्यांनी घरची माणसं घेऊन यावं. "तुमच्या आईला आणा," ती ऑस्वल्डला म्हणाली. "मला त्यांच्याकडून लिस्बनच्या गोष्टी ऐकायच्या आहेत."

झालं. ऑस्वल्डची त्याच आठवड्यात पाठ धरली. अशी धरली की पुढं कित्येक थंड्या सुटलीच नाही. मंडळात कळवलं, पाठीचं दुखणं आहे, खेळता येत नाही. आणि घरी? घरी तीच पाठ घेऊन तो भाताची पोती उचलायचा. मला त्यानं माळ्यावर टाकलं. मला राग आला नाही म्हणाल तर खोटं. माझा काय गुन्हा होता? आईचं लुगडं लाल, म्हणून मी धूळ खायची?

बर्नाडेटला यातलं काही ठाऊक नव्हतं. तिला एवढंच कळलं होतं, की आपल्या लेकाला साहेबांनी चहाला बोलावलंय. दर थंडीत ती विचारायची, "ओसू, तुझ्या साहेबांचा च्या कसा असतो रं? मना कवा नेशील?"

"पुढल्या साली, आई," तो म्हणायचा.

ती बापडी खरं मानायची. एक लुगडं तिनं घडी करून ट्रंकेत ठेवलं होतं. हे त्या चहासाठी, असं ती सुनेला सांगायची. सुनेनं ते ऐकून घेतलं आणि नवऱ्याकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर बघत होता.

ही सून म्हणजे गर्ट्रूड. उत्तनकडच्या मासेमारांची लेक, अंगानं काटक आणि जिभेनं त्याहून. लग्न होऊन आली आणि पहिल्याच हंगामात तिनं मला माळ्यावरून खाली ओढलं. कशासाठी? बोंबील उलटे करायला. अंगणात दोरीवर बोंबील सुकायला टांगायचे आणि माझ्या टोकानं हलवायचे. कावळा आला की मला उगारायची, मांजर आलं की मला फेकायची. बाभळीच्या डोक्याला माशांचा वास लागला तो लागलाच. ज्या मुठीला मडमांनी हात लावला तिच्यावर खवले चिकटले. मित्रांनो, तुम्ही जुन्या वस्तूंची हेळसांड करता तेव्हा तुम्हाला वाटतं, वस्तूला काय कळतंय. वस्तूला सगळं कळतं. फक्त तिला तुमच्यासारखं रडगाणं गात बसायला वेळ नसतो.

अशी वर्षं गेली. एका पावसाळ्यात बर्नाडेट तापानं गेली. ते ट्रंकेतलं लुगडं तिला नेसवलं आणि पुरलं. महिना झाल्यावर इगर्जीत, म्हणजे ख्रिस्ती देवळात, तिच्यासाठी मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. त्याच संध्याकाळी ऑस्वल्ड अंगणात आला, बोंबलांच्या दोरीखालून मला उचललं, आणि कोरड्या फडक्यानं पुसायला लागला.

मला वाटलं, आईच्या आठवणीनं माणूस हळवा झाला. कसचं काय. गर्ट्रूड दारात उभी होती, तिनं बरोबर ओळखलं.

"परत खेळायला निघालास कं?"

"विचार आहे. या थंडीत कपाला उतरावं म्हणतो."

"पाठ सुटली म्हन की."

तो मला पुसत राहिला. ती पायरीवर बसली. "आई होती तवर भीती होती. आता लपवायला कोन राहिलं नाय, असं वाटलं ना तुला?" मग म्हणाली, "मी हाय अजून. माझं काय करशील?"

ऑस्वल्डनं माझ्या मुठीवरचा खवला नखानं काढला. "तुझी प्रकृती बरी नसते, असं सांगेन."

गर्ट्रूड यावर भांडेल असं मला वाटलं होतं. ती भांडली नाही. "सांग," म्हणाली आणि आत गेली. चुलीतलं लाकूड तिनं जरा जोरानं सारलं, एवढंच.

त्या दिवशी या माणसाबद्दल मला जी घृणा वाटली ती सांगता येत नाही. आईचा महिना झाला आणि हा कपाच्या मागे. पण खरं सांगायचं तर मलाही चेंडू हवा होता. बोंबलांनी मी कंटाळले होते. म्हणजे घृणा होती आणि हावही होती, दोन्ही एकदम.

सरावाची तर शोभाच. पोट सुटलेलं. मला फिरवायला घेतलं की आधी पोट फिरायचं, मग हात, मग मी. पहिल्या दिवशी चेंडू जागचा हलला नाही आणि मातीचं ढेकूळ मात्र लांब गेलं. दुसऱ्या दिवशी चेंडू मागे गेला. मागे, मित्रांनो. इतक्या वर्षांच्या विश्रांतीनंतर परत येणाऱ्या माणसाला वाटतं, की आपण जिथं सोडलं तिथंच खेळ आपली वाट बघत बसला असेल. खेळाला काय पडलंय? तो दुसऱ्याच्या घरी जाऊन जेवतो. ऑस्वल्ड घामाघूम व्हायचा आणि मला दोष द्यायचा. दांडी वाकली म्हणे. माझी दांडी धामणीची आहे, वाकला असेल तो स्वतः.

पण एक कबूल करते. तो चिकट निघाला. रोज हापिसातून आल्यावर माळावर जायचा, अंधार पडेस्तोवर टोले मारायचा. हळूहळू त्याचे खांदे सैल झाले, श्वास लागेनासा झाला. आणि एका संध्याकाळी पूर्वीची ती झिणझिणी माझ्या दांडीतून पुन्हा गेली. ऑस्वल्डही थबकला. चेंडू कुठं गेला तेही त्यानं पाहिलं नाही, नुसता माझ्याकडे बघत राहिला. तो आनंद खोटा नव्हता. लिस्बनचा तर मुळीच नव्हता.

थंडी आली, कप सुरू झाला. मंडळात आता सगळे नवे साहेब होते. जुन्यांपैकी कोणी तरी त्यांना लिस्बनच्या आजाची गोष्ट सांगून ठेवली होती. ऑस्वल्ड एकेकाला हरवत शेवटच्या सामन्यापर्यंत आला. नव्या साहेबांना धावता येत होतं, घोड्यावर बसता येत होतं, पण सरळ टोला मारायचा तर मन निवांत लागतं आणि ते कोणाकडेच नव्हतं. एक तर हरल्यावर आपली काठी गुडघ्यावर मोडून बसला. अशांच्या हातात देश दिला आहे.

शेवटच्या सामन्याच्या दिवशी सकाळी गर्ट्रूडनं विचारलं, "आज च्या हाय ना तिथं?"

"आहे."

"माझी प्रकृती?"

"बरी नाही," तो म्हणाला.

"मग मी मिठाला जाते. बोंबलांना मीठ नाय उरलेलं." तिनं टोपली उचलली. लाल लुगडं नेसून, केसात फूल माळून मिठाला जाणारी बाई मी तोवर पाहिली नव्हती. ऑस्वल्डनं तिच्याकडे पाहिलं नाही, तो टोपी झटकत होता.

आता मैदान समजून घ्या. एका अंगाला रेल्वेचा रूळ, दुसऱ्या अंगाला मिठागरं, मध्ये माळ. शेवटचा खड्डा असा होता, की पहिला टोला मिठागराच्या बांधावरून पलीकडे न्यावा लागे. बांधावरून मिठागरातल्या बाया डोक्यावर टोपल्या घेऊन दिवसभर ये-जा करत. ती त्यांची वाट. साहेबांनी खेळ त्यांच्या वाटेवर मांडला होता आणि वर तक्रार करायचे, की बाया मध्ये येतात.

समोर पिकरिंग नावाचा तरणा इंजिनियर होता. पंच म्हणून जिल्ह्याचा एक धाकटा अंमलदार होता. हा मराठीची परीक्षा पास झालेला. त्याची मराठी ऐकून मला शास्त्रीबुवांनी पढवलेला पोपट बोलतोय असं वाटायचं.

निम्मा सामना झाल्यावर पिकरिंगचा एक टोला फसला आणि चेंडू बांधाकडे निघाला. असं झालं की समोरच्याला सावध करायला साहेबलोक एक शब्द ओरडतात. पिकरिंगही ओरडला, "फोर!"

आता हा शब्द साहेबांना कळतो. आमच्या मिठागरातल्या बायांना काय ऐकू येणार? पोर. कोणी तरी जिवाच्या आकांतानं पोर, पोर म्हणून ओरडतंय, म्हणजे कोणाचं तरी पोर पाण्यात पडलं असणार. त्यांनी टोपल्या टाकल्या आणि खाली वाकायचं सोडून चेंडूच्याच दिशेनं धावत सुटल्या. सगळ्यांच्या पुढं सगुणा होती, मिठागरातली जुनी कामकरीण, हातवारे करत विचारत होती, "कोनाचा पोर? कुटं पडला?" चेंडू तिच्या कानाजवळून गेला आणि चिखलात रुतला. थोडक्यात वाचली.

साहेब पोट धरून हसले. पंच साहेबानं ऑस्वल्डला इंग्रजीत विचारलं, "या स्त्रिया संकटाच्या दिशेनं का धावतात?"

त्याला कळलं नव्हतं, कारण त्याच्या पुस्तकात बालक होतं, अपत्य होतं, पोर नव्हतं. ऑस्वल्डला मात्र लख्ख कळलं होतं. लहानपणी त्याच बांधावर त्याला पोर म्हणून शंभरदा हाका मारलेल्या होत्या. त्यानं खांदे उडवले. "मला यांची भाषा येत नाही," म्हणाला. आणि सगळे हसत होते म्हणून तोही हसला.

मी त्याच्या हातात होते. हातातून निसटून त्याच्या पायावर पडावं असं मला वाटलं, पण काठीला तेवढंही करता येत नाही. तो सगुणेकडे पाठ करून उभा राहिला.

खेळ पुढं सरकला आणि शेवटच्या खड्ड्यावर दोघे बरोबरीत आले. म्हणजे हा खड्डा ज्याचा, कप त्याचा. पिकरिंगनं आधी टोला मारला आणि चेंडू मिठाच्या चिखलात घातला. तिथून तो काढायला त्याला निदान दोन-तीन टोले लागणार होते. ऑस्वल्डनं नुसता सरळ मारला असता तरी पुरे होतं. त्यानं मला घेतलं, पाय रोवले. माझी मूठ त्यानं गरजेपेक्षा घट्ट आवळली. इतक्या वर्षांनी एवढ्या जवळ आलेला कप त्याला दिसत होता, चेंडू दिसत नव्हता.

टोला बसला, पण वरच्या अंगाला बसला. चेंडू उंच उडायचा तो खालूनच, माणसाच्या डोक्याच्या उंचीनं, सूं करत बांधाकडे गेला. आणि बांधावरून त्याच वेळी बाया चालल्या होत्या. पुढं सगुणा. तिच्यामागं डोक्यावर मिठाची टोपली घेतलेली, लाल लुगड्यातली गर्ट्रूड.

साहेबांच्या खेळात अशा वेळी ओरडायचा शब्द एकच आहे. तो ओरडला असता तर त्या पुन्हा पोर शोधायला चेंडूच्या तोंडात धावल्या असत्या. गप्प राहिला असता तर साहेबांपैकी कोणी त्याला बोललंही नसतं. ऑस्वल्डचं तोंड उघडलं. त्याच्या पोटातून जो आवाज निघाला, तो मी इतक्या वर्षांत ऐकला नव्हता.

"खाली बसा गो! बायांनो, डोकी खाली घ्या! गर्ट्रूड, बस खाली, बस मेले!"

बाया मटकन खाली बसल्या. टोपल्या लवंडल्या, मीठ बांधावर सांडलं. चेंडू त्यांच्या डोक्यांवरून गेला, पलीकडच्या टणक मातीवर आपटला, आणि घरंगळत जाऊन नेमका खड्ड्याजवळ थांबला. वीतभर अंतर राहिलं होतं. फुंकर मारली असती तरी आत गेला असता. असा सुमार टोला मी कुठल्याही सामन्यात मारलेला नाही, आणि असं फळही मला कधी मिळालेलं नाही.

साहेब टाळ्या वाजवायला निघाले होते, तेवढ्यात बांधावर सगुणा उठून उभी राहिली. डोळ्यांवर हात धरून तिनं निरखून पाहिलं. "अगो बाय, ह्यो तर थॉमसचा ओसू हाय," ती म्हणाली. "साहेबाच्या कापडात वळखलाच नाय."

टाळ्या थांबल्या. पंच साहेबाला एवढी मराठी येत होती. तो जवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, "ही स्त्री काही वदते आहे. ते असत्य असावे. आपण ही भाषा नोकरांकडून शिकला असाल, होय ना?" मग इंग्रजीत आणखी हळू म्हणाला, की एक लहानसा टोला उरला आहे, तो मारा आणि कप घ्या. त्याला भानगड नको होती. साहेबांना खरं नको असतं, नीटनेटकं हवं असतं.

पण खात्री करायची म्हणून त्यानं लाल लुगड्यातल्या बाईला विचारलं. तिचं नाव त्यानं आत्ताच ऐकलं होतं. "हे गृहस्थ आपले कोण?"

गर्ट्रूड सांडलेलं मीठ गोळा करत होती. तिनं मान वर केली, ऑस्वल्डकडे पाहिलं, चांदीच्या कपाकडे पाहिलं. पदर पुढं ओढून घेतला आणि अगदी शांतपणानं म्हणाली, "कोनी नाय. ह्या साहेबाला आमी वळखत नाय."

मी तिची कधीच फार मोठी चाहती नव्हते. बोंबील मी विसरलेले नाही. पण त्या वेळी मला बाभळीच्या डोक्यात, शिसं ओतलंय तिथं, दुखलं.

ऑस्वल्ड तिच्याकडे बघत राहिला. मग तो खड्ड्यापाशी गेला. मला वाटलं, आता मारतो. मी तयार झाले. पण त्यानं वाकून चेंडू हातानं उचलला आणि खिशात घातला. या खेळात चेंडू उचलला की डाव सोडला.

"ती माझी बायको आहे," तो पंच साहेबाला मराठीत म्हणाला. "प्रकृती उत्तम आहे तिची. आणि ती म्हातारी खरं बोलली. मी थॉमसचा ओसू. माझा आजा इथंच मीठ ओढायचा."

पिकरिंगला कप मिळाला. त्याला चिखलातून चेंडू काढावासुद्धा लागला नाही. लिस्बनच्या आजाची गोष्ट सांगणारे साहेब एकमेकांकडे बघत चहाच्या तंबूकडे गेले. कोणी ऑस्वल्डला चल म्हणालं नाही आणि तो थांबलाही नाही. तो बांधावर गेला, गुडघ्यावर बसला, आणि पाटलोणीला चिखल लागत असताना बायकोबरोबर मीठ भरू लागला. सगुणेच्या टोपलीतही त्यानं भरून दिलं.

गर्ट्रूडनं आधी मीठ टोपलीत दाबून भरलं. शेवटी म्हणाली, "एवढं बोलायचंच होतं, तर आधी कप हातात घ्यायचा, मग बोलायचं. अक्कल कवा येनार तुला?"

"तू ओळखत नाही म्हणालीस," तो म्हणाला.

"तुज्या भल्यासाठी म्हनले. सवय हाय मला." तिनं टोपली उचलायला हात घातला, पण टोपली त्यानं घेतली आणि स्वतःच्या डोक्यावर ठेवली. टोपी खाली पडली ती तिथंच राहिली. मग तिनं मला उचललं. भर वस्तीतल्या टेंभी नाक्यावरून दोघं घरी गेली. एरवी पाटलोण घातली की तो तिच्यापुढं ढांगा टाकत जायचा. त्या दिवशी तिच्या बरोबरीनं चालला, दुकानातली माणसं वळूनवळून बघत असताना. ती मला टेकत चालली होती. मी, जिनं मडमांचे हात पाहिले, ती म्हाताऱ्यांच्या काठीसारखी रस्त्यावर टेकवली गेले. माझ्या अपमानाला काही सीमा राहिली नव्हती.

आता मी त्या घराच्या ओटीवर असते. मंडळातून माझ्या मालकाला काढलं, कप तर गेलाच. रविवारी मिस्सा झाल्यावर तो मला माळाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन जातो आणि एकटाच टोले मारतो. बरे मारतो. कोणी त्या बाजूनं येताना दिसलं की तो आधी थांबतो आणि त्यांना जाऊ देतो. हंगाम आला की बोंबील आहेतच.

एका शब्दानं तो मोठा झाला असं मी म्हणणार नाही. आयुष्यभर गप्प बसून एकदा खरं बोलणाऱ्यांना ओवाळायची चाल माझ्याकडे नाही. बर्नाडेटचं लुगडं कधीच मातीत गेलं, ते आता परत येत नाही.

मित्रांनो, आम्ही जुन्या वस्तू आपली गोष्ट संपवताना तुमच्याकडे काही तरी मागतो. मी माझ्यापुरतं थोडंच मागते. वर्षातून एकदा दांडीला जवसाचं तेल, पावसाळ्यात कोरडी जागा. तेवढंही नाही दिलंत तरी चालेल, अडगळीत टाका, मी तुम्हाला नावं ठेवत पडून राहीन. पण घरच्या माणसाला अडगळीत टाकू नका. ते बिचारं नावं ठेवत नाही. ते इतकं शहाणं होऊन बसतं, की चारचौघांत तुमच्याच भल्यासाठी तुम्हाला ओळख देत नाही.